रंग भरताना भान हरपते की भान येते?

माझी मामेबहीण लेकीच्या ‘नीट’च्या तयारीसाठी दोन वर्षे लातूरला खोली करून राहिली. गावाकडचे घर, शेत आणि सासू-सासरे सोडून लेकरांच्या शिकवण्यांसाठी अशा खोल्या करून राहणाऱ्या आया लातुरात गल्लोगल्ली भेटतात. सकाळी डबा भरून दिला की लेक रात्रीपर्यंत क्लासमध्ये आणि अभ्यासिकेत असायची, आणि उरलेला दिवस त्या एवढ्याशा खोलीत बहिणीने एकटीने काढायचा. हाताला काम कमी आणि डोक्यात विचार जास्त, अशी तिची अवस्था झाली होती. चाचणीत गुण का घसरले, फीचा पुढचा हप्ता कुठून भरायचा, गावाकडे पाऊस पडला का, सोयाबीन उगवले का, हेच विचार एकामागून एक येत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. एका दुपारी भाच्याने विसरलेली चित्रवही तिच्या हाती लागली, आणि वहीतल्या एका वर्तुळाकार नक्षीत ती रंगीत पेन्सिलींनी रंग भरत बसली. रात्री फोनवर ती मला म्हणाली, ‘‘ताई, आज लई दिवसांनी डोकं शांत वाटलं.’’ तिला तसे का वाटले असावे आणि त्या शांततेला किती महत्त्व द्यावे, हे समजून घेण्यासाठी मी या विषयावरचे संशोधन वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

रंग भरणे हे लेकरांचे काम, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, पण आपल्याच आजूबाजूला पाहिले तर ते पुरते खरे नाही. पोळ्याला बैलांची शिंगे घासून, त्यांना रंग लावून, वर बेगड चिकटवत बसलेला शेतकरी त्या तासाभरात दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत तर हे काम शेकडो वर्षांपूर्वी फार मोठ्या योग्यतेने झालेले आहे. तेथील चित्रकार खडकावर मातीचा गिलावा देत, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवत, गेरूने बाह्यरेषा काढत, त्या रेषांच्या आत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दूरदेशीहून आलेला निळा दगड कुटून केलेले रंग भरत, आणि शेवटी गडद रंगाने रेषा पुन्हा उठावदार करत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून पाहिले तर छतावर वर्तुळात वर्तुळ अशी फुलावेलींची नक्षी दिसते. आज मोठ्या माणसांसाठी म्हणून छापल्या जाणाऱ्या रंगभरणाच्या पुस्तकांत जी ‘मंडल’ नक्षी असते, तिची ठेवण याच जातीची आहे. अशा पुस्तकांची लाट २०१३ ते २०१५ या काळात युरोप-अमेरिकेत उठली आणि तेथून आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत आली. काम मात्र त्या लाटेच्या कितीतरी आधीपासूनचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिकाम्या वेळी मन शांत होण्याऐवजी अधिक अशांत का होते? मेंदूसमोर ठरावीक काम नसले की तो स्वस्थ बसत नाही. अमेरिकी संशोधक मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की बाहेरचे काम थांबले असतानाही मेंदूचे काही भाग कार्यरत राहतात. पुढच्या संशोधनात या भागांचा संबंध स्वतःविषयीचे विचार, मागच्या आठवणी आणि पुढचे अंदाज यांच्याशी जोडला गेला. ही व्यवस्था वाईट नाही, कारण तिच्याशिवाय माणसाला उद्याची तयारी करता आली नसती. अडचण एवढीच, की जेव्हा पुढचे काही आपल्या हातात नसते तेव्हाही ती चालूच राहते आणि तोच तो विचार पुन्हा दळत बसते. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसात मध्येच फोनवर विचारले, की आत्ता तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भरकटलेले असताना लोक कमी आनंदी होते. काम कोणते आहे यापेक्षा मन त्या कामावर आहे की नाही, यावर त्यांचे समाधान अधिक अवलंबून होते. खोलीत एकटी बसलेली माझी बहीण हे कोणताही अभ्यास न वाचता जाणत होती.

अशा मनाला ‘विचार करू नकोस’ असे सांगून काही उपयोग होत नाही, त्याला दुसरे काम द्यावे लागते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका वेळी ठरावीक भांडीच मावतात, तसे आपल्या मनाच्या पुढ्यातही एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. मानसशास्त्रात या पुढच्या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. काळजी ही सगळी जागा अडवते, कारण तीही शब्दांनी आणि चित्रांनी बनलेली असते. रंग भरताना डोळे रेषेवर असतात, हाताला रेषेच्या आत राहायचे असते, पेन्सिलीवरचा दाब सांभाळायचा असतो आणि शेजारच्या पाकळीला कोणता रंग द्यायचा हे ठरवायचे असते. यातले प्रत्येक काम लहान आहे, पण सगळी मिळून ओटा बऱ्यापैकी व्यापतात आणि काळजीला हातपाय पसरायला जागा उरत नाही. शिवाय हे काम दमवणारेही नाही. हिशेबाची वही घेऊन बसले तरी मन गुंततेच, पण उठताना शीण येतो. रंगभरणात चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही, आणि म्हणून ते गुंतवते आणि विसावाही देते. संशोधक सहसा हेच स्पष्टीकरण देतात आणि मला ते पटते. मात्र ते स्पष्टीकरण आहे, त्याची प्रत्येक कडी प्रयोगाने सिद्ध झालेली नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रयोग झाले आहेत ते थोडे निराळ्या प्रश्नावर, आणि त्यांतला एक बारकाईने पाहण्यासारखा आहे. नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८४ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांना आधी आपल्या आयुष्यातल्या भीतीच्या एखाद्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले, म्हणजे मनात थोडी अस्वस्थता मुद्दाम जागवली. मग त्यांचे तीन गट करून प्रत्येकाला २० मिनिटे रंग भरायला दिले. पहिल्या गटाला वर्तुळाकार मंडल नक्षी मिळाली, दुसऱ्याला लुगड्याच्या चौकड्यांसारखी उभ्या-आडव्या पट्ट्यांची नक्षी, आणि तिसऱ्याला कोरा कागद देऊन हवे ते रंगवण्याची मोकळीक. प्रश्नावलीवर मोजलेली अस्वस्थता पहिल्या दोन्ही गटांत उतरली, कोरा कागद मिळालेल्यांची मात्र तशी उतरली नाही. हाच प्रयोग २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ५० प्रौढांवर पुन्हा केला, तेव्हा मंडल नक्षीचा फायदा दिसला, चौकड्यांचा तेवढा दिसला नाही. म्हणजे वर्तुळात काही विशेष आहे की कोणतीही गुंतागुंतीची, नेमकी नक्षी चालते, यावर या दोन अभ्यासांचे एकमत नाही. कोऱ्या कागदाविषयी मात्र दोघांचे म्हणणे एकाच दिशेला जाते.

हा कोऱ्या कागदाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याला वाटते की मोकळीक मिळाली की मन हलके होते, पण अस्वस्थ माणसापुढे कोरा कागद ठेवला तर तो आणखी एक प्रश्न होऊन बसतो. काय काढू, मला काढता येते का, लोक काय म्हणतील, असे विचार त्याच्या डोक्यात सुरू होतात. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांना हे आठवत असेल. संकल्पचित्राच्या पेपरात पहिली पंधरा-वीस मिनिटे कागदाकडे पाहण्यात जात आणि घाम फुटे, पण एकदा आराखडा पेन्सिलीने पक्का झाला आणि रंगाची वाटी हातात आली की वर्गात शांतता पसरे. रेषा आधीच आखलेली असते तेव्हा सर्वांत जड निर्णय कोणीतरी आपल्यासाठी घेऊन ठेवलेला असतो, आणि आपल्याकडे उरतात ते फक्त लहान, बिनधोक निर्णय. दारापुढे पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईचा अनुभवही असाच असतो. ठिपके मोजून मांडले की पुढची वाट ठिपकेच दाखवतात, आणि तिने फक्त हात चालता ठेवायचा असतो. गोधडीला धावदोरा घालतानाही एक टाका पुढचा टाका सांगत असतो. ज्यांच्या आयुष्यात दिवसभर निर्णय घेण्याचा भार असतो, त्यांना या आखलेल्या रेषेचा आधार किती मोठा वाटतो हे अनुभवावाचून समजणे कठीण आहे.

शरीराच्या बाजूनेही पुरावा शोधला गेला आहे. ताण आला की आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते आणि ते लाळेतून मोजता येते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मार्कर, माती आणि कागदाचे कपटे देऊन हवे ते करू दिले. सुमारे ७५ टक्के लोकांचे कॉर्टिसॉल आधीपेक्षा कमी झाले, आणि ज्यांना चित्रकलेचा काहीच सराव नव्हता त्यांनाही फायदा सारखाच झाला. हा दाखला रंगभरणाच्या बाजूने वारंवार दिला जातो, पण तो जपून वाचावा. ते छापील नक्षीत रंग भरत नव्हते, आणि ४५ मिनिटे नुसतेच बसून राहिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. शांत खोलीत पाऊण तास बसले तरी काहींचे कॉर्टिसॉल उतरू शकते. ‘रंग भरल्याने मेंदूतला भीतीचा भाग शांत होतो’ असेही ठामपणे लिहिलेले आढळते, परंतु येथे सांगितलेल्या रंगभरणाच्या आणि चित्रकामाच्या एकाही प्रयोगात मेंदूची प्रतिमा घेतलेली नव्हती. त्यांत प्रश्नावल्या होत्या किंवा लाळेचे नमुने होते. पुरावा आहे, पण तो लहान गटांवरचा आणि एकेका बैठकीचा आहे, आणि तेवढाच तो धरून चालावे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळते. या पुस्तकांवर ‘माइंडफुल’ हा शब्द हमखास छापलेला असतो. मराठीत त्यासाठी सजगता हा शब्द रूढ होतो आहे, पण मला आपला ‘भान’ हा साधा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण तो घोटाळा लगेच उघड करतो. एखादी बाई रांगोळी काढण्यात रमली तर आपण म्हणतो की तिचे भान हरपले, आणि ते कौतुकाने म्हणतो. मग त्याच कामाला भान आणणारे काम कसे म्हणायचे? मानसशास्त्रात या दोन खरोखरच वेगळ्या अवस्था आहेत. भान हरपण्याच्या अवस्थेचा अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी आयुष्यभर केला. त्यांच्या मते काम आपल्या कौशल्याला पुरेसे आव्हान देणारे असते, पण झेपण्यापलीकडचे नसते, पुढे काय करायचे हे स्पष्ट असते, आणि केलेले बरोबर की चूक हे लगेच कळते, तेव्हा माणूस कामात पूर्ण बुडतो, वेळ कसा गेला हे त्याला कळत नाही आणि स्वतःचीही आठवण राहत नाही. माइंडफुलनेस हे याच्या जवळजवळ उलट आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातली साधना अशी, की या क्षणी जे घडते आहे त्याकडे जाणूनबुजून लक्ष द्यायचे आणि त्याला चांगले-वाईट ठरवायचे नाही. मन भटकले तर भटकले हे ओळखून त्याला हळूच परत आणायचे. पहिल्या अवस्थेत पाहणारा कामात विरघळतो आणि दुसऱ्या अवस्थेत तो जागा असतो.

रंगभरण आपोआप कोणती अवस्था आणते, हेही तपासले गेले आहे. इंग्लंडमधील मिखाइल मँट्झिओस आणि किरियाकी जियानू यांनी २०१८ मध्ये दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाने मंडल नक्षी रंगवली आणि दुसऱ्याने मनाला येईल ते चित्र काढले. या प्रयोगात सजगतेत बदल दिसला नाही आणि अस्वस्थतेतही दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगात एका गटाला रंग भरत असताना ध्यानात देतात तशा सूचना आवाजातून दिल्या गेल्या, तेव्हा त्या गटाची अस्वस्थता सूचनांशिवाय रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली, पण सजगतेचे मोजमाप याही वेळी हलले नाही. मी याचा अर्थ असा लावते, की चांगली नक्षी भान हरपण्याचा विसावा बऱ्याचदा स्वतःहून देते, परंतु भान मात्र आपण सोबत आणावे लागते, आणि ते एका बैठकीत येत नाही. दोन्हींचा आपापला उपयोग आहे. ज्या दिवशी डोके भणभणले असेल त्या दिवशी नुसते हरपून जाणे पुरेसे आहे. पण काळजी हा रोजचाच सोबती झाला असेल, तर काळजी येते तेव्हा ती येते आहे हे ओळखण्याची सवय अधिक कामाची ठरते, आणि ती सवय लावायला रंगीत पेन्सिल हे चांगले साधन आहे.

ते कसे करायचे, हे सांगताना मी माझा आणि बहिणीचा अनुभव वापरते. सुरुवातीला दोन-तीन श्वास सावकाश सोडावेत आणि पेन्सिल किती घट्ट धरली आहे ते पाहावे. बहुतेकांची बोटे आवळलेली आणि दात दाबलेले असतात, आणि तोपर्यंत ते त्यांना माहीतही नसते. मग रंग भरताना लक्ष एका साध्या गोष्टीवर ठेवावे, मग तो कागदावर पेन्सिल घासल्याचा बारीक आवाज असेल किंवा फिका रंग थराथराने गडद होत जाणे असेल. थोड्या वेळाने मन फीच्या हप्त्यावर जाईलच. ते गेल्याचे जेव्हा लक्षात येते तो क्षण मोलाचा आहे, कारण भान नेमके तेव्हाच आलेले असते. त्या वेळी स्वतःवर चिडण्याऐवजी ‘गेले होते’ एवढे मनात म्हणून पुन्हा पेन्सिलीच्या टोकाकडे यावे. रंग रेषेबाहेर गेला की ‘बिघडवले’ हा शब्द मनात उमटतो. त्याच्याकडेही तसेच पाहावे आणि त्या चुकलेल्या रेघेसकट पुढे जावे. माझ्या बहिणीला हे सर्वांत कठीण गेले, कारण तिने आयुष्यभर पोळीच्या काठापासून शेतातल्या तासापर्यंत सगळे सरळ ठेवलेले होते. पंधरा ते वीस मिनिटे पुरतात आणि रोज तीच वेळ ठरवली तर अधिक सोपे जाते.

साहित्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सुरुवातीला रंगीत पेन्सिली सर्वांत बऱ्या, कारण त्यांत दाब कमी-जास्त करून छटा मिळतात आणि हाताला कामाची जाणीव राहते. स्केचपेनचा रंग झटकन भरतो, पण झेरॉक्सच्या साध्या कागदावर तो मागे उमटतो, म्हणून त्यासाठी जाड कागद घ्यावा. नक्षी निवडताना आपले डोळे आणि हात यांचा विचार करावा. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते, आणि मग केसाएवढ्या बारीक रेषांची नक्षी विसाव्याऐवजी डोकेदुखी देते. उलट फार मोठे कप्पे असले तर हात चालतो आणि मन पुन्हा गावाकडे जाते. कोणता रंग शांत करतो आणि कोणता चेतवतो याची जी कोष्टके सांगितली जातात, त्यांना फारसा भक्कम आधार नाही, तेव्हा आवडेल तो रंग घ्यावा. फोनवरच्या रंगभरणात बोट टेकवले की अख्खा कप्पा भरतो. त्यात हाताचे सावकाश चालणे, म्हणजे या कामाचा अर्धा भाग, गळून पडतो आणि मधूनच दुसऱ्याच कोणाचा संदेश येतो. म्हणून मी कागदच घ्या असे सांगेन.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. रंगभरण हा विसावा आहे, उपचार नाही. प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञ रुग्णाबरोबर चित्रांच्या साहाय्याने जे काम करतात, ते घरी पुस्तक रंगवण्याहून वेगळे आहे. सलग दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप किंवा भूक बिघडली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. आपल्या भागात पाऊस, कर्ज आणि लेकरांचे निकाल यांच्या ओझ्याने अनेक घरांत माणसे आतल्या आत खचत असतात, आणि अशा माणसाच्या हाती चित्रवही देऊन आपण कर्तव्य केले असे समजणे धोक्याचे आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा, शिकवण्यांसाठी खोली करून राहणाऱ्या लेकरांना तर नक्कीच. तसेच बँकेचे आलेले पत्र किंवा घरातले टाळलेले बोलणे मागे ढकलण्यासाठी कोणी तासन्तास रंगवत बसले असेल, तर तो विसावा राहिलेला नाही, हे त्या माणसाने स्वतःलाच विचारून पाहावे.

माझ्या बहिणीने पुढे एक पद्धत लावून घेतली, ती मीही उचलली आहे. दुपारी चार वाजता कुकर लावण्याची वेळ झाली की ती पेन्सिल खाली ठेवते, मग पाकळी अर्धी राहिलेली असली तरी चालते. आधी ती अर्धे सोडवत नसल्यामुळे घाईने भरून टाकायची आणि त्या घाईत दात पुन्हा आवळले जायचे. आता ती अर्ध्या पाकळीकडे एकदा पाहते, वही मिटते आणि तांदूळ धुवायला घेते.